परागंदा शब्दाच्या तीन साक्षी

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. माझं नाव परागंदा. मी एखादी वस्तू असतो तर तुम्ही मला हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं असतं, माझ्यावरची धूळ फुंकली असती. पण मला हात लावता येत नाही. मी कुणाच्या तरी तोंडात असलो तरच असतो. कुणी मला उच्चारलं की माझा श्वास सुरू होतो, आणि बोलणारं थांबलं की मी पुढच्या तोंडाची वाट पाहत बसतो. कधी एक दिवस, कधी अख्खं वर्ष.

माझा जन्म दूर इराणात, फारसी भाषेत झाला. तिथं माझा अर्थ अगदी साधा होता : विखुरलेलं, पांगलेलं. माळेचा दोरा तुटून मणी जमिनीवर घरंगळले की मला हाक यायची. वाऱ्यानं केस विस्कटले, मेंढ्या डोंगरभर पांगल्या, की मी हजर. माझं बालपण असं मण्यांमागं आणि मेंढ्यांमागं धावण्यात गेलं. मला उच्चारताना तेव्हा कुणाचा गळा दाटून येत नव्हता.

मग मी प्रवासाला निघालो. फौजा, फकीर, व्यापारी, कारकून, असे कितीतरी लोक तिकडून दख्खनकडे येत होते. त्यांतल्या नेमक्या कुणाच्या तोंडून मी इथं पोचलो, ते मला खरंच आठवत नाही. देवगिरीचं दौलताबाद झालं तेव्हा कितीतरी माणसांना दिल्लीतली घरंदारं सोडून या डोंगरापाशी यावं लागलं होतं. मी त्यांच्याबरोबरच आलो असेन, असं आपलं मला वाटतं. कारण इथं आल्यावर मी मणी सोडले, मेंढ्या सोडल्या आणि माणसांच्या मागं लागलो.

मराठीनं मला घरात घेतलं आणि कामही दिलं. दुष्काळ पडला, लुटालूट झाली, शेतसारा झेपेनासा झाला, की गावंच्या गावं चुली तशाच टाकून निघून जायची. मग कचेरीतला कारकून बोरू दौतीत बुडवून मोडी अक्षरांत लिहायचा : ‘रयत परागंदा जाहली.’ एका ओळीत अख्खं गाव मावायचं. आपला मुलूख सोडून जावं लागलेला माणूस म्हणजे परागंदा, हा अर्थ मला या मातीत मिळाला. त्या काळी माझ्यावाचून दफ्तर हलत नसे. पण मित्रांनो, असा मान कुणाला हवासा वाटेल? मी कागदावर उतरलो की कुठंतरी एक चूल विझलेली असायची.

पुढं माझ्या जागेवर इस्त्री केलेले नवे शब्द आले. स्थलांतरित, विस्थापित, प्रकल्पग्रस्त. ते फॉर्मवर शोभून दिसतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही, त्यांनाही त्यांचं काम आहे. पण हळूहळू मला हाका येईनाशा झाल्या. मी इतिहासाच्या जाड पुस्तकांत तेवढा उरलो, आणि तिथंही मुलं मला ओलांडून पुढच्या ओळीवर जायची.

आणि मग छत्रपती संभाजीनगरात, समर्थनगरातल्या दोन खोल्यांमध्ये, माझं नाव निघालं.

त्या दोन खोल्यांत मुलांसाठी एक नवा शब्दकोश तयार होत होता. भानुमतीबाई त्याच्या मुख्य संपादक. मराठी शिकवण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेलेली, आवाज असा की शेजारच्या खोलीतला पंखासुद्धा ऐकून हळू फिरावा. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम घातला होता.

“मेलेले शब्द मुलांच्या दप्तरात भरायचे नाहीत. जो शब्द आज कुणाच्या तरी तोंडात आहे, तोच घ्यायचा. ज्याच्याबद्दल शंका असेल, त्याच्या तीन साक्षी आणायच्या. तीन वेगळ्या घरांतल्या. त्यांतली एक बारा वर्षांखालच्या मुलाची हवी. आपण विचारायचं नाही, सुचवायचं नाही, शिकवायचं तर अजिबात नाही. शब्द बोलण्याच्या ओघात आपोआप बाहेर पडला पाहिजे. आणि आपल्या घरातलं माणूस साक्षीला चालणार नाही.”

प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी होती. शंकेखोर शब्दांच्या चिठ्ठ्या बुटांच्या एका रिकाम्या खोक्यात राहत. मी त्या खोक्यात होतो.

‘प’चे शब्द यास्मिनकडे होते. तिशीच्या आतली, सहा वर्षांच्या गुलशनची आई. लेक शाळेत असेल तेवढ्या वेळात ती इथं यायची आणि घड्याळाकडे एक डोळा ठेवून काम करायची. तिच्या शेजारच्या टेबलावर हिमांशू बसायचा. हुशार पोरगा, पण काटछाट करायला निघाल्यासारखा कायम लाल पेन उघडा.

“यास्मिनताई, हा परागंदा कशाला धरून ठेवलाय?” तो म्हणाला. “हा फक्त इतिहासाच्या पेपरात भेटतो. द्या इकडे, उडवतो.”

“तीन साक्षींची मुदत आहे ना? मग मुदत संपेपर्यंत हात लावू नकोस.”

यास्मिन मला का सोडत नव्हती, ते सांगतो. तिचे वडील हैदर गंगापूरच्या रस्त्यावर शेअरिंगची जीप चालवायचे. ते सात वर्षांचे असताना त्यांचं गाव जायकवाडीच्या पाण्याखाली गेलं. शहरातल्या शाळेत नाव घातलं तेव्हा त्यांच्या नावापुढं लिहिलं गेलं ‘धरणग्रस्त’. पोरं चिडवायची, “ए धरण, पाणी सोड की!” त्यांच्या आईनं मात्र तो शब्द कधी तोंडात घेतला नाही. ती म्हणायची, “आपण परागंदा झालो, बेटा.” आता ती नव्हती. हैदरमियां लेकीला एकदाच म्हणाले होते, “बेटा, धरणानं ग्रासलं ते गावाला. मला कुठं ग्रासलंय? मी चांगला धडधाकट हाय. तुझ्या त्या पुस्तकात माझं नाव नको, पण माझ्या आईचा शब्द असला तर बघ. गुलशन वाचंल कधीतरी.”

एवढंच. पण यास्मिनच्या मनात ते रुतून बसलं होतं. हैदरमियां घरातले, म्हणून त्यांची साक्ष चालणार नव्हती. बाहेरची तीन तोंडं शोधायची होती, आणि तीही न विचारता.

पहिली साक्ष गंगापूर तालुक्यातल्या एका नव्या गावठाणात मिळाली. हैदरमियांनी तिला जीपमधून नेलं आणि चहाच्या टपरीवर बसवलं. तिथं कडूबा नावाचे एक म्हातारे बाकडं अडवून बसले होते. यास्मिन त्यांच्याशी ऊस बोलली, कापूस बोलली, गुडघेदुखी बोलली. दोन तास गेले. शेवटी कडूबाच टपरीवाल्याला म्हणाले, “ही पोरगी तीन चहा प्याली पर काय पायजे ते बोलंना. सोयरीक जमवायला आली का बियाणं इकायला?”

सगळे हसले. यास्मिनही हसली आणि सहज म्हणाली, “बाबा, तुमचे भाऊबंद इथंच का सगळे?”

“कुठले हितं? धरण आलं अन् एक भाऊ नेवाशाला गेला, एक शेवगावला, मी हितं. समदं गावच परागंदा झालं बघ पोरी.”

मित्रांनो, किती दिवसांनी मला हाक आली होती! त्या म्हाताऱ्या घशातून बाहेर पडताना मला थोडं खरखरलं, पण मी उभा राहिलो. यास्मिननं पटकन पिशवीतून चिठ्ठी काढली.  जीपमध्ये बसलेले हैदरमियां मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

दुसरी साक्ष आणली ती खुद्द हिमांशूनं. चिकलठाण्याला बसची वाट पाहत असताना त्याच्या मागं कारखान्याच्या गेटवर पुंजाराम नावाचे एक सुरक्षारक्षक फोनवर बोलत होते. “अरे कशाची शिफ्ट अन् कशाचं काय! मालकानं मशिनी उचलल्या अन् नेल्या दुसरीकडं. आमची चाळीस जणांची शिफ्ट परागंदा झाली. कोणी वाळूजला, कोणी रांजणगावला, मी हितं गेटवर उभा.” हिमांशूनं तिथल्या तिथं त्यांचं नाव विचारून घेतलं. ते त्याला विमा एजंट समजून तीन पावलं मागं सरकले.

ऑफिसात येऊन त्यानं चिठ्ठी यास्मिनच्या टेबलावर ठेवली. “माझा अंदाज चुकला, ताई. कारखान्याच्या गेटवर भेटेल असं वाटलं नव्हतं.”

आता उरलं एक मूल. आणि तेच अवघड होतं. यास्मिन बागेत बसली, शाळांच्या फाटकांबाहेर उभी राहिली, वाढदिवसाच्या मेजवान्यांना गेली. मुलांच्या तोंडी कार्टूनमधली नावं होती, क्रिकेट होतं, खाऊ होता. मी नव्हतो. शनिवारी चिठ्ठ्या छापखान्यात जायच्या होत्या.

बुधवारी दुपारी गुलशन शाळेतून थेट ऑफिसात आली. बरोबर तिच्या वर्गातली चारुता होती. तिची आई उशिरा नेणार होती. दोघी चित्रं काढत बसल्या. चारुताचा हात लागून कंपासपेटी पडली आणि चारुता टाळी वाजवून म्हणाली, “अय्या, माझ्या पेन्सिली परागंदा झाल्या!”

हिमांशू खुर्चीतून उडालाच. “बाई! ऐकलंत? साक्ष तिसरी! चारुता, वय सहा!” भानुमतीबाई चष्मा काढून हसल्या. यास्मिनच्या डोळ्यांत पाणी आलं. चिठ्ठी लिहिली गेली, बाईंची सही झाली. मी जिंकलो होतो.

संध्याकाळी भाकरी थापता थापता यास्मिननं लेकीला विचारलं, “चारुताच्या घरी कोण म्हणतं गं तो शब्द?”

“कुणी नाही. मी शिकवला.” गुलशन अभिमानानं म्हणाली. “मी तिला सांगितलं, हे म्हटलं ना, की माझी अम्मी खूश होते. तू झालीस ना खूश?”

तव्यावरची भाकरी करपली. यास्मिननं लेकीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड लपवलं. “झाले गं. खूप झाले.”

खरं सांगायचं तर त्या वेळी मला वाटलं, गप्प बसावं तिनं. कुणाला कळणार होतं? सही झाली होती. मला जगायचं होतं हो! पण दुसऱ्या दिवशी सकाळी यास्मिन बाईंच्या टेबलासमोर उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. मग स्वतःच्या हातानं तिसऱ्या साक्षीवर आडवी रेघ मारली.

बाईंनी ती रेघ मारलेली चिठ्ठी उचलून पाहिली. मग म्हणाल्या, “मी तर सही केली होती गं.”

“म्हणूनच सांगायला आले, बाई. पोरांच्या पुस्तकात खोटी साक्ष कशी घालू?”

हिमांशूनं आपल्या लाल पेनाचं टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवून दिलं.

शुक्रवारी तिघं खुलताबादला गेली. माझ्यासाठी नाही, पाथरवट या शब्दासाठी. हैदरमियांची जीप होती आणि मागं गुलशन खिडकीला नाक लावून बसली होती. एका पाथरवटाच्या घरी बाईंचं काम झालं. यास्मिन खिडकीबाहेर बघत होती. ती माझी चिठ्ठी घेऊन आली नव्हती. ती खोक्यातच होती, दुसऱ्या दिवशी फाडायची म्हणून.

निघताना जीपपाशी चहा घ्यायला सगळे थांबले. तटाच्या भिंतीलगतच्या मोकळ्या जागेत दहाबारा पोरं लगोरी खेळत होती. सात चपट्या दगडांचा ढीग रचलेला. अम्मार नावाच्या एका काटक मुलानं एक डोळा मिटला, चेंडू फेकला. ढीग धाडकन कोसळला. आणि दहाबारा गळ्यांतून एकच आरोळी उठली :

“परागंदाऽऽऽ!”

पोरं दाही दिशांना पांगली.

मित्रांनो, तुम्हाला कसं सांगू! शेकडो वर्षांत मला कुणी असं ओरडून हाक मारली नव्हती. कागदावर मला नेहमी खालच्या मानेनं लिहिलं गेलं. आणि इथं मी उन्हात, धुळीत, पोरांच्या पायांबरोबर पळत होतो!

हिमांशूच्या हातातला चहा सांडला. यास्मिन हलेचना. शब्द आपोआप बाहेर पडल्यावर विचारायची मुभा होती, म्हणून भानुमतीबाईच पुढं झाल्या. दोन वेण्या घातलेली एक मुलगी धापा टाकत भिंतीआड लपली होती. नाव मनस्विनी, वय दहा.

“काय ओरडलात गं तुम्ही आत्ता?”

“परागंदा.”

“म्हणजे काय?”

तिनं बाईंकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “तुम्ही लगोरी नाय खेळले का कधी?”

“खेळले की. पण आम्ही नुसत्याच पळायचो.”

चेंडू चुकवत धावणारा अम्मार थबकला. “बिना बोले भागे तो औट है, आंटी!”

यास्मिननं विचारलं, “तुम्हाला हे कुणी शिकवलं? गुलशन नावाची कुणी मुलगी ओळखता का?”

“कोण गुलशन?” मनस्विनी म्हणाली. “शिकवायचं काय त्यात? माझी मोठी बहीण बी म्हणायची. ह्याचे मामू बी म्हणायचे. असंच म्हणतेत.”

“बरं, म्हणजे काय करायचं, ते तरी सांग.”

“अवो, ढीग पडला की परागंदा म्हणायचं अन् येगयेगळीकडं पांगायचं. बॉल अंगाला लागू द्यायचा नाय. अन् मग एकेकानं परत येऊन समदा ढीग रचायचा.”

“आणि कुणी पळालं ते पळालंच, परत आलंच नाही, तर?” बाईंनी विचारलं.

“घरीच निघून गेलं तं?” मनस्विनीनं नाक उडवलं. “ते परागंदा नाय. ते पळपुटं. त्याला उद्या खेळात घेत नाय कोणी.”

एवढं बोलून ती भिंतीआडून सुसाट सुटली, दोन दगड एकावर एक ठेवून पुन्हा पसार झाली. चेंडू तिच्या वेणीला चाटून गेला. पाठोपाठ दुसरं पोर आलं, तिसरं आलं. प्रत्येकानं एक दगड ठेवला. सातवा बसला आणि सगळी नाचायला लागली.

मला इतकं वय झालं, पण माझ्याच पोटातली ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. मण्यांमागं गेलो, मेंढ्यांमागं गेलो, माणसांमागं गेलो. पांगण्यापर्यंतच माझी नजर होती. त्या पोरांनी मला त्याच्या पुढं नेलं. माणसं पांगतात ती संपण्यासाठी नाही. ती लपतछपत, मार चुकवत, दगडावर दगड ठेवायला परत उभी राहतात. इथं नाहीतर तिथं, पण रचतात.

चिठ्ठी जवळ नव्हती. भानुमतीबाईंनी चहावाल्याकडून बिस्किटाच्या पुड्याचा कागद मागून घेतला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर स्वतः लिहिलं : ‘साक्ष तिसरी. मनस्विनी, वय दहा. खुलताबाद.’ खाली तिघांनी सह्या केल्या. आणि गुलशन? ती केव्हाच जीपमधून उतरून खेळात शिरली होती.

पुस्तक आलं. पहिली प्रत खुलताबादच्या त्या पोरांना द्यायला यास्मिन गेली. तिनं माझं पान उघडून वाचून दाखवलं. अम्मार म्हणाला, “ये तो हमकू पहलेसेच आता. इसमें लिखनेका क्या?” आणि पोरं पुन्हा पळाली. असा अपमान मला रोज घडो!

दुसरी प्रत हैदरमियांना. गंगापूरच्या थांब्यावर गिऱ्हाईक भरायचं थांबवून त्यांनी जीपच्या स्टिअरिंगवर पुस्तक टेकवलं आणि बोट फिरवत मोठ्यानं वाचलं : “परागंदा. एक, विखुरलेला, पांगलेला. दोन, संकटामुळे आपलं गाव किंवा देश सोडावा लागलेला. तीन, लगोरीच्या खेळात ढीग पडल्यावर पांगणारा आणि परत येऊन तो रचणारा.”

तिसरा अर्थ त्यांनी दोनदा वाचला. मग मागच्या सीटवरच्या प्रवाशांकडे वळून, ज्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं अशा त्या लोकांना, ते छाती फुगवून म्हणाले, “ऐकलं का? म्हंजी मी अजून खेळात हाय!”

यास्मिननं तोंडावर ओढणी धरली. ती हसत होती की रडत होती, ते मला सांगता येणार नाही. प्रवाशांतला एक जण म्हणाला, “चाचा, खेळा नंतर, आधी गाडी काढा.” आणि गाडी निघाली.

मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच आहे. तुमच्या वर्गात एखाद्या दिवशी नवं मूल येईल. त्याची बोली वेगळी असेल, त्याचं गाव तुम्ही कधी ऐकलेलं नसेल. त्याच्या नावापुढं एखादा जड शब्द चिकटवू नका, आणि त्या शब्दावरून त्याला हाकही मारू नका. त्याला सरळ खेळात घ्या. आणि आम्हा जुन्या शब्दांना काचेच्या कपाटात जपून ठेवू नका. आम्हाला बाहेर काढा, मळू द्या, तुमच्या मागं धावू द्या. तुम्ही ओरडा, मी येतोच.